हट्टी पिल्लाला जरब नको, घराचे एकमत हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरात नवे पिल्लू आले आणि ते ऐकत नाही असे दिसले की चहूकडून सल्ले सुरू होतात. ‘एकदा उलटे पाडून मानेला धरा, सुतासारखे सरळ येईल’, ‘घरात मालक कोण ते आधी कळू द्या’, ‘आत्ताच जरब बसवा, नाहीतर डोक्यावर बसेल’. कुत्र्यांना शिकवण्याचे काम करणाऱ्यांकडे सात-आठ महिन्यांची जी ‘बिघडलेली’ कुत्री आणली जातात, त्यांतली बरीचशी याच सल्ल्यांनी बिघडलेली असतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

जरबेचा हा हट्ट लांडग्यांविषयीच्या एका जुन्या समजातून आला आहे: कळपात मारामारी करून म्होरक्या ठरतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कळपातल्या वर्चस्वाविषयी लिहिले, ते बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून. पुढे ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तिथे मारामारी करून म्होरक्या ठरत नाही. पण दुरुस्ती फारशी पसरली नाही आणि पिल्लांना उलटे पाडणे चालूच राहिले. उलटे पाडलेले पिल्लू शांत पडते ते समजले म्हणून नव्हे, तर घाबरून गोठते म्हणून. भित्रे असेल तर ते पुढे दबून राहते. खमके असेल तर एक दिवस तो हात चावते.

मुळात ज्याला आपण हट्टी म्हणतो ते पिल्लू बहुतेक वेळा स्वतंत्र बुद्धीचे असते. टेरियर जातीची कुत्री बिळात एकटी शिरून शिकार बाहेर काढण्यासाठी पैदा केली गेली. हाउंड वासाच्या मागे शिकाऱ्याच्या कितीतरी पुढे धावतात. कळपराखी कुत्री रात्रभर गुरामेंढरांजवळ एकटी राहतात. यांच्या कामात दर वेळी माणसाच्या तोंडाकडे बघून चालत नाही. असे पिल्लू आपल्या शब्दाला भुलत नाही. त्या शब्दानंतर काय मिळते ते बघते. ते शिकायला मंद तर मुळीच नसते. नको त्या गोष्टीही तितक्याच वेगाने शिकते, इतकेच.

म्हणून त्याला हवे असलेले सारे आधी आपल्या हाती ठेवावे: जेवणाचे भांडे, दार, चेंडू, फिरायचा पट्टा, सोफ्यावरची जागा. यांतली प्रत्येक गोष्ट मिळण्याआधी त्याने खाली बसायचे. बसले की भांडे खाली येते, उठले की वर जाते. ओरडायचे नाही, ढकलायचेही नाही. भांडे वर-खाली जाण्याची मोजदाद पिल्लू स्वतःच करते आणि थोड्याच दिवसांत भांडे दिसताच आपणहून बसते.

बसायला शिकवताना वाटाण्याएवढा खाऊ नाकापाशी धरून हात डोक्यावरून हळूच मागे न्यावा. मान वर जाते आणि मागचा भाग खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणावे आणि लगेच खाऊ द्यावा. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर मधल्या काळात ते उठलेले असते आणि बक्षीस उठण्याला मिळते. पिल्लू पुढचे पाय उचलत असेल तर हात फार उंच आहे. मागे सरकत असेल तर ते भिंतीला पाठ करून उभे असताना शिकवावे. कंबर दाबून बसवू नये. दाब आला की ते उलट जोर लावते आणि आधीच आडमुठे असलेले पिल्लू त्या झटापटीत रमते. दहापैकी आठ वेळा नुसत्या हाताच्या खुणेने बसू लागले की मगच ‘बस’ हा शब्द जोडावा, आणि तो एकदाच म्हणावा. ‘बस, बस, अरे बस ना’ असे म्हटले तर पिल्लू तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायला शिकते. धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पिल्लू कंटाळण्याआधी संपवलेला. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. सरळ त्याच्याच जेवणातले दाणे बाजूला काढावेत आणि उकडलेल्या चिकनसारखी मोठी बक्षिसे अवघड कामासाठी राखावीत.

खरी गाडी अडते ती घरच्या माणसांत. आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’, आजोबा ‘खाली बैस’. एकाला अंगावर उड्या मारलेल्या चालत नाहीत, दुसरा दारातच दोन्ही हात पसरून स्वागत करतो. पाचांपैकी चौघे जेवताना काही देत नाहीत, एक जण टेबलाखालून देतो. त्याला वाटते, कधीतरी दिले तर काय बिघडले? पण कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा मोडायला कितीतरी कठीण. रोज मिळणारे एकदम बंद झाले तर पिल्लाला लवकर कळते. कधीतरी मिळणारे आज नाही मिळाले तर उद्या मिळेल म्हणून ते भुंकतच राहते. तेव्हा पिल्लू आणण्याआधीच सगळ्यांनी एकत्र बसून शब्द आणि नियम ठरवावेत आणि ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही ते दाखवावेत.

याला जोडूनच एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे अनेक घरे हरतात. जे आजवर चालत होते ते बंद केले की पिल्लाचे वागणे सुधारण्याआधी काही दिवस बिघडते. भुंकून लक्ष मिळत असे, आता मिळत नाही. मग ते जास्त जोरात आणि जास्त वेळ भुंकते, सोबत पंजेही मारते. नेमक्या याच वेळी घरातले कोणीतरी कंटाळून ‘घे बाबा’ म्हणत मान तुकवते. त्या दिवशी पिल्लू शिकते की पाच मिनिटे नव्हे, पंधरा मिनिटे भुंकायचे असते. हा चढ येणारच हे धरून चालावे. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, आणि पिल्लू क्षणभर जरी गप्प बसले तरी त्या क्षणी लक्ष द्यावे.

चावण्याबद्दल सर्वांत जास्त तक्रारी असतात. पिल्लाचे दुधाचे दात २८. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते तोंडात जाते. त्यात लहान मूल किंचाळून पळाले की पिल्लाच्या लेखी तो पाठलागाचा खेळ. मुलाला शिकवावे: झाडासारखे स्थिर उभे राहायचे, हात छातीशी घ्यायचे, वर बघायचे. मोठ्या माणसाने हात झटकन ओढू नये, सैल सोडावा आणि चावायचे खेळणे पुढे करावे. तरीही दात लागले तर एक शब्द न बोलता उठून जाळीच्या फाटकापलीकडे जावे आणि वीस-तीस सेकंदांनी परत यावे. अशाने दात लागले की माणूसच नाहीसा होतो, हे त्याला कळते. नाकावर चापट मारणे किंवा जबडा दाबून धरणे हे उपाय खमक्या पिल्लावर उलटतात. ते अंगावर येणाऱ्या हाताला शत्रू समजू लागते, आणि पुढे पशुवैद्यकाचा हात असो की मुलाचा, फरक करत नाही.

संध्याकाळी अंगात आल्यासारखे घरभर धावणारे, कपडे ओढणारे, थांबवले तर चावणारे पिल्लू बहुधा दमलेले असते. या वयात दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते आणि जिद्दीचे पिल्लू आपणहून झोपत नाही. अशा वेळी आणखी खेळवून दमवायला जाऊ नये. क्रेटमध्ये (म्हणजे पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यात) किंवा शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन ठेवावे. क्रेटमध्ये त्याला उभे राहता, वळता आणि लांब होऊन झोपता आले पाहिजे, आणि शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नये.

शू-शीबद्दल थोडक्यात. वयाच्या महिन्यांत एक मिळवा. दिवसा जास्तीत जास्त तितके तास पिल्लू धरू शकते, म्हणजे दोन महिन्यांचे तीन तास. पण उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत न्यावेच लागते. खाऊ बाहेर, काम उरकताच जागेवरच द्यावा. घरात आल्यावर दिला तर तो घरात येण्याबद्दलचा होतो. घरात झालेली शू एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसावी, अमोनियाच्या नव्हे. अमोनियाचा वास लघवीसारखाच वाटून पिल्लू पुन्हा तिथेच जाते. शूमध्ये नाक घासल्याने ते एवढेच शिकते की माणसासमोर करायचे नाही. मग ते सोफ्यामागे करते.

आता गुरगुरण्याकडे येतो, आणि लहान मुले असलेल्या घरांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा. पिल्लू जेवताना मध्येच भांडे ओढून घेऊन ‘सवय करणे’ हा प्रकार थांबवा. हात आला की जेवण जाते, हे त्याने अनुभवले की हाडूक तोंडात असताना ते गुरगुरणारच. याच्या उलट करावे. ते जेवत असताना दोन-तीन पावलांवरून जाताना भांड्यात अधिक चविष्ट तुकडा टाकावा आणि पुढे जावे. रोज एक-दोनदा, अंतर हळूहळू कमी करत. पिल्लू माणूस जवळ येताच शेपूट सैल हलवत वर बघू लागले की पुढच्या टप्प्याला जावे. ‘सोड’ हा शब्दही देवघेवीनेच शिकवावा: तोंडात खेळणे असताना नाकापाशी खाऊ धरावा, खेळणे सुटताच ‘शाब्बास’ म्हणून खाऊ द्यावा, आणि खेळणेही परत द्यावे. परत मिळते म्हटल्यावर सोडायला त्याची हरकत नसते. हे सर्व मोठ्यांनीच करावे, मुलांनी नाही. आणि गुरगुरल्याबद्दल शिक्षा कधीही करू नये. गुरगुर ही पूर्वसूचना आहे. ती दडपली की कुत्रा न सांगता चावतो, आणि मग घरचे म्हणतात, ‘काहीच कारण नसताना चावला’. मूल आणि पिल्लू एका खोलीत असताना मोठे माणूस जागे आणि लक्ष देऊन असलेच पाहिजे.

पट्ट्याने ओढणारे पिल्लू पुढे पोचते म्हणून ओढते. पट्टा ताणला की थांबावे, सैल झाला की चालावे. सुरुवातीला दहा मिनिटांत पन्नास पावलेसुद्धा होणार नाहीत, ते चालते. ‘ये’ म्हणून बोलावून आंघोळीला नेऊ नये, रागावू तर नयेच. त्यासाठी उठून त्याच्याकडे जावे. मोकळ्या जागी पाच ते दहा मीटर लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधावी, गळपट्ट्याला नको. धावत जाऊन दोरी संपली की मानेला हिसका बसतो.

सहा महिन्यांनंतर वर्ष-दीड वर्षापर्यंत शिकलेले विसरल्यासारखे वाटते. तेव्हा दोन पायऱ्या मागे येऊन घरातूनच पुन्हा सुरू करावे. मात्र शांत पिल्लू अचानक चिडके झाले, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. कान, दात किंवा सांधा दुखत असू शकतो. अंग ताठ करून, नजर रोखून गोठणारे किंवा कातडी फाटेपर्यंत चावणारे पिल्लू असेल, तर घरगुती प्रयोग न करता जाणत्या प्रशिक्षकाला दाखवावे. पहिल्याच भेटीत गळफास साखळी (ओढली की गळा आवळणारी) बाहेर काढणाऱ्याकडे नव्हे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. ‘सहा महिन्यांचे झाले की शिकवा’ हा गळफास साखळीच्या काळातला सल्ला अजूनही छापून येतो. पिल्लू नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारते तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. ते घरी येते तेव्हा आठ आठवड्यांचे असते, म्हणजे निम्मा काळ जवळपास सरलेला असतो. लसीकरण मात्र सोळा आठवड्यांच्या आसपास पुरे होते. सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला घरातच ठेवले तर ही संधी जाते. अमेरिकेतल्या पशुवर्तन अभ्यासणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितले आहे की पहिली लस आणि जंताचे औषध दिल्यावर किमान सात दिवसांनी पिल्लाला स्वच्छ जागी, लस घेतलेल्या पिल्लांच्या वर्गात नेता येते. जिथे अनोळखी कुत्र्यांची वर्दळ आहे तिथे जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवावे: छत्री, हेल्मेट, दाढीवाला माणूस, चाकाची खुर्ची, रडणारे बाळ, सगळे लांबून दाखवावे, खाऊ द्यावा, आणि पिल्लू खाऊ नाकारू लागले तर अंतर वाढवावे. लसीकरणाविषयी मजकूर द्याल तेव्हा त्याच चौकटीत हे आठवडेही छापावेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
श्वानप्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक