ओकायामाहून, आई-बाबांना

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की पुण्यात जपानीचे एवढे क्लास आहेत, शिकवायचंच आहे तर इथेच का नाही सुरू करत, तिथे राहून वेगळं काय मिळतंय. तेव्हा शिफ्टला निघाले होते म्हणून नीट बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहिते.

पुण्यातून मी एन थ्री, म्हणजे जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, पास होऊन आले हे तुम्हाला माहितीये. पण त्या परीक्षेत बोलायचा पेपरच नसतो, लिहायचाही नसतो, सगळं वाचून नाहीतर ऐकून पर्याय निवडायचे. परीक्षा वाईट नाहीये, तिच्यामुळेच तर मी इथे पोचले, पण वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला गेले तेव्हा काउंटरवरची बाई काय विचारतेय ते सगळं कळत होतं आणि माझ्या तोंडातून वाक्य निघत नव्हतं. पोटात जो गोळा आला ना, तो मला विसरायचा नाहीये, कारण उद्या माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांचं तेच होणार आहे आणि ते शिक्षकाला आतून माहीत असलं पाहिजे.

इथल्या जपानीच्या वर्गात आम्ही नेपाळ, व्हिएतनाम, चीन, म्यानमार अशा सगळीकडचे. सगळ्यांना येणारी अशी एक भाषाच नाही, त्यामुळे सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, पहिल्या मिनिटापासून फक्त जपानीत बोलतात, चित्रं दाखवतात, स्वतः उठून करून दाखवतात. पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये, त्या प्रश्न विचारून थांबतात. खरंच थांबतात, समोरचा गप्प राहिला तरी मध्ये उत्तर घालत नाहीत की दुसऱ्याकडे वळत नाहीत. आणि कोणी चुकलं तर "चूक" असं म्हणत नाहीत, तेच वाक्य बरोबर करून सहज बोलल्यासारखं परत म्हणतात आणि पुढे जातात, पोरगं आपोआप त्यांच्यामागून ते म्हणतं. बाबा, तुमच्या वर्गात साठ-साठ मुलं आणि डोक्यावर पोर्शन, तिथे असं थांबायला वेळ कुठून मिळणार, हे मला कळतंय. पण माझी बॅच लहान ठेवता येणार असेल तर मी लहानच ठेवणार, फी कमी मिळाली तरी चालेल.

अजून एक गोष्ट. १९९५ च्या जानेवारीत कोबेला मोठा भूकंप झाला तेव्हा तिथल्या बऱ्याच परदेशी लोकांना सूचनाच समजल्या नाहीत, कारण त्या बहुतेक अवघड सरकारी जपानीत होत्या. त्यानंतर इथे सोप्या जपानीची चळवळ सुरू झाली, यासाशी निहोंगो म्हणतात तिला. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या अवघड चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार. २०१८ च्या जुलैमध्ये आमच्या शेजारच्या कुराशिकीत माबी भाग पुराने बुडाला होता, त्यामुळे पुराची पत्रकं इथे लोक मनापासून वाचतात, आणि सोप्या जपानीतलं पत्रक पहिल्यांदा पूर्ण समजलं तेव्हा मला वाटलं की सोपं बोलणं म्हणजे कमी शिकवणं नाही, ते जास्त मेहनतीचं काम आहे. फळ्यावर लिहिण्याआधी मी आता प्रत्येक वाक्य मनात तोडून बघते.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे बाबा तुमची गरज आहे. फक्त जपानीतून शिकवायचं हे इथे बरोबरच आहे, दुसरा इलाजच नाही. पण पुण्यात अख्खा वर्ग मराठी असताना आपण इंग्रजीतून जपानी व्याकरण शिकतो, ते मला आता अजिबात पटत नाही. अहो, जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जशी नामाच्या मागे येतात तसंच त्यांचंही. आणि क्रियापदाचं "ते"ने संपणारं रूप, ज्याला ते-फॉर्म म्हणतात, ते म्हणजे जवळजवळ आपला "-ऊन" प्रत्यय! ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, काइते ओकु म्हणजे लिहून ठेवणे, ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीतून हे समजवायला पान पान लागतं, आणि आपल्या तीन वर्षांच्या पोराला खाऊन बघणे आणि खाऊन टाकणे यातला फरक माहीत असतो. रूपं पाठ करावी लागतातच, त्याला सुटका नाही, पण वापर आधीच आपल्या जिभेवर आहे.

तसंच मराठी कुठे पाडते तेही मराठी शिक्षकालाच आधी कळेल. आपण कोणासमोरही "माझे बाबा आले, बाबा म्हणाले" असं मानानेच बोलतो ना, जपानीत बाहेरच्या माणसासमोर स्वतःच्या आईवडलांबद्दल आदरार्थी बोलायचं नाही, तिथे नम्रतेची क्रियापदं लावायची, आदर समोरच्याच्या घरच्यांना. नियम मला कधीचा माहितीये, तरी तुमच्याबद्दल तसं बोलताना अजून जीभ अडखळते. मराठी मुलं इथे हमखास अडणार, म्हणून मी हा धडा लवकर आणि हळू घेणार आहे.

म्हणजे ठरवलंय असं की व्याकरण मराठीतून, थोडक्यात, दहा मिनिटं, आणि उरलेला तास फक्त जपानी, बोलायचं आणि बोलायला वेळ द्यायचा. पहिल्या महिन्यात परीक्षेचं नाव काढायचं नाही. पालक विचारतील एन फाइव्ह, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, कधी देणार, तर त्यांना तसंच स्पष्ट सांगायचं.

बाबा, तुमची ती व्याकरणाची जुनी वही माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल, पण तुम्ही वर चढू नका, शेजारच्या दादाला सांगा काढायला. त्यातली विभक्ती, प्रयोग आणि संयुक्त क्रियापदांची पानं मला व्हॉट्सॲपवर पाठवा, उजेडात फोटो काढा. संयुक्त क्रियापदांची उदाहरणं अजून सुचली तर तीही लिहा, जितकी मिळतील तितकी हवीयत.

आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का ते कळव, "बरं आहे" असं नको सांगूस, डॉक्टर नक्की काय म्हणाले ते सांग. आणि मार्चमध्ये मी आले की माझ्या पहिल्या वर्गात तू बसायचंस. हिरागाना, म्हणजे जपानीची पहिली शिकायची लिपी, फक्त ४६ अक्षरं आहेत, दुपारच्या सिरियलच्या वेळात होतील.

तुमची,
छोटी