आधी मीटर लावा, मग बॅटरी बदला

महोदय,

पावसाळा लागला की आमच्या देवरूखकडे ‘सेल्फ लागत नाही’ म्हणून गॅरेजला येणाऱ्या स्कूटर वाढतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आधीच नवी बॅटरी टाकलेली असते. मी दुचाकी दुरुस्तीच करतो, आणि न तपासता बॅटरी बदलायची ही सवय मला संतापजनक वाटते.

परवा एक अंगणवाडी सेविका ताई आल्या. बॅटरी नुकतीच बदललेली, तरी बटण दाबलं की नुसतं ‘टक’. मीटर लावला तर १२.७ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ताईंना बटण दाबायला सांगितलं. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. चारच्या वर दिसला, म्हणजे करंट त्या जोडणीतच अडत होता. अर्थिंगची वायर इंजिनला जिथे आवळलेली असते, तिथे थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. गाडी लगेच सुरू झाली. ताईंची जुनी बॅटरी मात्र एक्स्चेंजमध्ये गेली होती. ती खरंच खराब होती का, हे आता कोण सांगणार?

जुन्या बॅटरीत शिसं असतं, ती दुकानात परत जायलाच हवी, त्याला माझी हरकत नाही. पण जाण्याआधी तिची परीक्षा तरी व्हावी. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर खुशाल बदला. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळत नसतील, तर दोष चार्जिंगचा, म्हणजे रेग्युलेटरचा किंवा कॉइलचा. अशा गाडीत नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरते.

काही गोष्टी गाडीवाल्यांनी घरीच पाहाव्यात. बहुतेक स्कूटरचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही. एका ब्रेकवर लागत नसेल तर दुसरा दाबून बघा. त्यावर लागला तर पहिल्या लिव्हरचा स्विच गेलेला असू शकतो. मोटर नुसती घर्रघर्र फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा दोष वन-वे क्लचचा, म्हणजे मोटरची फिरकी इंजिनला देणाऱ्या भागाचा. अशा गाडीला बॅटरी विकणाऱ्याला काय म्हणावं! हल्ली पुष्कळ गाड्यांना किकही नसते, म्हणून माणूस घाबरतो आणि सांगतील तेवढे पैसे देतो.

साधा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. माझ्या व्यवसायबंधूंना आणि बॅटरी विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे, की बॅटरी बदलताना सेल्फ मारतानाचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत. ग्राहकांनीही ते मागून घ्यावेत.

– एक दुचाकी मेकॅनिक, देवरूख (जि. रत्नागिरी)