संघाच्या नावाचा सातबारा आधी बघा : क्रीडामंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शहराचे नाव लावणाऱ्या व्यावसायिक संघांचे ट्रेडमार्क आणि मैदानांचे करारनामे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२३ मध्ये क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांत सोलापूर रॉयल्स होता. २०२५ मध्ये महिलांच्या लीगमध्ये सोलापूर स्मॅशर्स उतरला. त्याच वर्षी पुरुषांच्या सहा संघांत मात्र सोलापूरचे नाव नव्हते. कोणत्याही संघमालकाविषयी आमची तक्रार नाही. संघ येतात, विकले जातात, गाव बदलतात. पैशाच्या खेळात हे चालायचेच. आमचा प्रश्न एवढाच आहे की संघ गेल्यावर त्याचे नाव कुणाकडे राहते, आणि ते आधी कुणी लिहून ठेवले आहे का. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, खो-खोच्या तालुका पातळीवरच्या लीगमध्येही आता संघमालक असतात, खेळाडूंची बोली लागते. जर्सीचा रंग आठवडाभर चर्चेत असतो, नावाच्या मालकीवर पाच मिनिटेही जात नाहीत. आमच्यापैकी काही जण ट्रेडमार्कचे अर्ज भरतात, काही जण क्रीडा मंडळांचे दफ्तर सांभाळतात. नेमके कुठे घोडे अडते ते आपल्यापुढे मांडत आहोत.

शहराच्या नावापुरता कायदा स्पष्ट आहे. व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम ९ नुसार नुसते ठिकाण दाखवणारा शब्द कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. कलम १७ नुसार पूर्ण नाव नोंदले गेले म्हणून त्यातल्या सुट्या शब्दावर हक्क चढत नाही. म्हणजे 'सोलापूर अमुक' नोंदले तरी 'सोलापूर' मोकळेच राहते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लबने एकट्या 'लिव्हरपूल' शब्दासाठी अर्ज केला होता. तिथल्या कार्यालयाने २०१९ मध्ये शहराच्या भौगोलिक महत्त्वावर बोट ठेवून तो फेटाळला.

पण नोटीस पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. वकिलाच्या लेटरहेडवर 'आमच्या अशिलाचे सोलापूर हे नाव' असे वाक्य आले की खजिनदार हादरतो आणि बॅनर रातोरात उतरतो. तसे घाबरण्याआधी नोटिशीतला अर्ज क्रमांक ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात टाकून बघावा. नाव 'रजिस्टर्ड' आहे की 'ऑब्जेक्टेड' (कार्यालयाचाच आक्षेप), 'अपोज्ड' (दुसऱ्या कुणाची हरकत) आहे की नुसताच अर्ज पडलेला आहे, ते दोन मिनिटांत समोर येते. नुसत्या अर्जाच्या जोरावर ट्रेडमार्क भंगाचा दावा लागत नाही. नोंदणी असेल तर ती कोणत्या वर्गात, म्हणजे कोणत्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी आहे, हेही तिथेच दिसते.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. ट्रेडमार्क नियम २०१७ च्या फी-तक्त्यात ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना दर वर्गामागे ४,५०० रुपये आहेत, बाकी सगळ्यांना ९,०००. संस्था म्हणून नोंदलेले आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देणारे क्रीडा मंडळ या 'बाकी सगळ्यां'त पडते. संघाला किमान तीन वर्ग लागतात : ४१ म्हणजे खेळ व सामने, २५ म्हणजे जर्सी-टोप्या, २८ म्हणजे खेळाचे साहित्य. मंडळाच्या नावाने २७,००० होतात, अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने १३,५००. वर्गणीवर चालणारे मंडळ काय करणार? 'टाका अध्यक्षांच्या नावावर, आपलेच आहेत' असे म्हणून अर्ज जातो. दोन-तीन वर्षांनी निवडणुकीत पॅनेल बदलते, अध्यक्ष रागाने बाहेर पडतात आणि संघाचे नाव कायद्याने त्यांच्याबरोबर बाहेर पडते. नंतर दुरुस्ती करू म्हटले तर नियम ३७ आडवा येतो : अर्जदार कोण, हा तपशील साध्या दुरुस्तीने बदलत नाही. हस्तांतराचा दस्त करावा लागतो, त्यावर मुद्रांक, मग नाव नोंदले गेले असेल तर मालकबदलाचा टीएम-पी अर्ज, त्याची ऑनलाइन फी पुन्हा ९,००० रुपये. आणि सही त्याच रुसलेल्या अध्यक्षांची. दर वर्गामागे ४,५०० वाचवायला गेलेल्या मंडळाचे असे होते. दोष मंडळाचा नाही, तक्त्यातल्या रकान्याचा आहे. आपण केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाला पत्र लिहून नोंदणीकृत क्रीडा मंडळांना व्यक्तीच्याच दरात बसवून घ्यावे. या एका ओळीच्या बदलाने निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

दुसरी चूक टीएम-ए, म्हणजे नोंदणीच्या मूळ अर्जातच होते. 'नाव कधीपासून वापरात आहे' या रकान्यात घाईने 'वापर प्रस्तावित' असे निवडले जाते, कारण तारीख लिहिली की नियम २५ प्रमाणे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. मंडळ पंधरा वर्षे त्या नावाने खेळत असेल तरी कागदावर ते आजपासून सुरू होते, आणि हा रकानाही नियम ३७ खाली बदलता येत नाही. नवा अर्ज, नवी फी, नवी तारीख. खरे म्हणजे जुन्या वापरकर्त्याला कायदा चांगला हात देतो. कलम ३४ प्रमाणे दुसऱ्याचा वापर आणि दुसऱ्याची नोंदणी यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून सलग वापर दाखवला तर नोंदणीवालाही त्याला थांबवू शकत नाही. मेख 'सलग' या शब्दात आहे. संघ वर्षातून तीन आठवडे खेळतो. मधली दोन वर्षे स्पर्धाच झाली नसेल तर समोरचा वकील तिथेच बोट घालतो.

पुरावा म्हणून करंडकाचा फोटो फारसा चालत नाही, त्यावर तारीख नसते. चालते ते हे : संघाचे नाव लिहिलेले जर्सीचे बिल, स्पर्धेची प्रवेश फी भरल्याची पावती, मैदान आरक्षणाचा अर्ज, पोलीस परवानगी, वर्गणीचे पावतीपुस्तक, तारखेसकट वर्तमानपत्राचे पान. पावतीवर मंडळाचे नाव एक आणि जर्सीवर संघाचे नाव भलतेच, असे असेल तर तो कागद वाया गेला समजावे. शिंपी किंवा प्रिंटर बिलावर नुसते 'टी-शर्ट १५ नग' लिहितो. 'अमुक संघ, १५ जर्सी' असे लिहून घ्यायला काही लागत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीचा दाखला नावाला संरक्षण देतो हा समज तर सर्रास आहे. तो दाखला संस्थेचा असतो, नावाचा नाही.

मुदतीही गुपचूप निघून जातात. अर्ज स्वीकारला की तो दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि तिथून चार महिन्यांत कुणालाही टीएम-ओ भरून हरकत घेता येते, ऑनलाइन फी दर वर्गामागे २,७०० रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही. मंडळाच्याच अर्जावर कुणी हरकत घेतली तर नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यायचे. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे धरले जाते, मग मंडळाची बाजू कितीही खरी असो. नोटीस जाते इ-मेलवर, आणि अर्जात इ-मेल असतो ज्याच्या दुकानात बसून तो भरला त्याचा. त्याने ती उघडलेलीही नसते.

बोधचिन्हाची गोष्ट थोडक्यात. चित्र काढणारा पगारी नोकर नसेल तर लोगोचा कॉपीराइट पैसे देऊनही सहसा त्याच्याकडेच राहतो. तो लेखी कागदाने मंडळाच्या नावावर करून घ्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरतात. सहाव्या वर्षी संघ नावारूपाला आला की डिझायनर दारात उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे कायद्याला धरून असते.

नाव निवडतानाही तारतम्य हवे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत आहे. ते ट्रेडमार्क म्हणून नोंदता येत नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नाव लावण्याचा मोह सोलापुरात कुणालाही होईल, पण धार्मिक नावांवर एकाची मक्तेदारी न्यायालयांना मान्य नाही. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एका व्यापाऱ्याला द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. श्रद्धेने नाव लावावे, पण ते आपल्या मालकीचे होईल अशी आशा धरू नये.

सोलापूरचा म्हणून एक धोका आहे, तो इतर जिल्ह्यांना कळणार नाही. इथे संघाचा माल म्हणजे फक्त जर्सी नसते. टॉवेल आणि चादरही असते. जर्सीवरचे नाव छापलेले असते, वाद झाला तर पुढचा लॉट कोरा शिवता येतो. चादरीवरचे नाव जेकार्डमध्ये, म्हणजे नक्षीच्या मागावर विणलेले असते. ते ताण्याबाण्यातच असल्यामुळे उसवून काढता येत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराने तोंडी ऑर्डरवर पाचशे चादरी काढल्या आणि मधेच मालक बदलला, तर नव्या मालकाच्या एका नोटिशीने सगळा माल गोदामात अडकतो. शिवाय चादर-टॉवेलचा वर्ग २४ वेगळा. संघाने तो घेतलेलाच नसतो, म्हणजे ज्याने ऑर्डर दिली त्याच्याकडे द्यायला पक्का हक्कही नसतो. वर सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येते. उद्या कुणी 'सोलापूर'ने सुरू होणारे संघनाव वर्ग २४ मध्ये घेऊन बाहेरगावी विणलेली चादर त्या नावाने विकली, तर मार विणकराच्या पोटावर बसेल. मानांकन कायद्याचे कलम २५ अशा दिशाभूल करणाऱ्या नोंदणीला मज्जाव करते, पण जर्नल बघून हरकत घेणारे कुणीतरी हवे. ते काम जिल्हा उद्योग केंद्राकडे लेखी सोपवून घ्यावे, ही उद्योगमंत्र्यांना आपल्यामार्फत विनंती.

आपल्या हातात काय आहे, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडने दाखवले आहे. १९९५ मध्ये तिथल्या ब्राउन्स या फुटबॉल संघाच्या मालकाने संघ बाल्टिमोरला न्यायचे जाहीर केले. शहर न्यायालयात गेले ते मैदानाचा करार घेऊन, कारण त्यात १९९८ पर्यंत तिथेच खेळण्याचे बंधन होते. १९९६ मध्ये समझोता झाला : मालक आणि खेळाडू गेले, नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलँडमध्येच राहिले. बाल्टिमोरला गेलेल्या संघाला रेव्हन्स हे नवे नाव घ्यावे लागले आणि १९९९ मध्ये ब्राउन्स जुन्याच नावाने पुन्हा मैदानात उतरले. याच शहरात २०२१ मध्ये बेसबॉलच्या बड्या संघाने 'गार्डियन्स' हे नाव जाहीर केले, तेव्हा त्याच नावाने आधीपासून खेळणाऱ्या स्थानिक रोलर डर्बी (चाकांच्या बुटांवरचा खेळ) संघाने दावा लावला. लहान संघाकडे वापराचा पुरावा होता. महिन्याभरात तडजोड झाली आणि दोघांनीही नाव ठेवले. आधीच्या, ब्राउन्सच्या प्रकरणात संघाचे नाव शहरात राहिले ते मैदानाच्या करारामुळे, ट्रेडमार्क कार्यालयामुळे नव्हे.

महोदय, ट्रेडमार्क हा केंद्राचा विषय आहे, मैदान राज्याचे आणि महापालिकेचे. कुमठा नाक्याचे जिल्हा क्रीडा संकुल आपल्या खात्याशी बांधलेले आहे, पार्क स्टेडियम महापालिकेचे. फ्रँचायझी लीगला ही मैदाने देताना आज करारात भाडे, अनामत, खेळपट्टी, वीज आणि सफाई एवढेच असते. त्यात पुढील अटी घालाव्यात, अशी आमची मागणी आहे. शहराचे नाव लावणाऱ्या प्रत्येक संघाच्या नावाचा अर्ज क्रमांक, वर्ग आणि अर्जदार करारासोबत जोडावा. 'सोलापूर' या शब्दावर स्वतंत्र हक्क सांगणार नाही आणि स्थानिक मंडळांना त्या शब्दावरून नोटीस देणार नाही, असे मालकाने लिहून द्यावे. संघ शहर सोडून गेला किंवा सलग दोन हंगाम उतरला नाही, तर पूर्ण नाव आणि बोधचिन्ह जिल्हा संघटनेकडे हस्तांतरित करण्याचा दस्त सुरुवातीलाच सही करून ठेवावा. त्यात चिन्हासोबत लौकिकही (गुडविल) जातो असे स्पष्ट लिहावे, नाहीतर कोरे नाव तेवढे हाती येते. चादर-टॉवेलची ऑर्डर लेखी परवान्याशिवाय देऊ नये, आणि मालक बदलला तरी विणून झालेला माल सहा महिने विकता यावा.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात महिन्यातून एक दिवस कुणी जाणकार बसला तर मंडळांचे अर्ज तिथेच तपासून होतील : अर्जदार मंडळ आहे का, वापराची तारीख खरी आहे का, इ-मेल मंडळाचा आहे का. या कामाला आम्ही विनामोबदला बसायला तयार आहोत. अटींचा दीड पानी मसुदाही तयार आहे. पुढच्या हंगामासाठी मैदानांचे अर्ज यायच्या आत आपण तो मागवून घ्यावा.

आपले,
सोलापुरातील ट्रेडमार्क व्यावसायिक आणि क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते

प्रत : मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका