भूदृश्य धोरणाची सुरुवात यादीने नको

महोदय,

भूदृश्यांना (लँडस्केप, म्हणजे निसर्ग आणि माणसाच्या वावरातून घडलेले मुलखाचे रूप) सामाईक वारसा मानून राष्ट्रीय धोरण आखायचे म्हटले की पहिली सूचना येते ती देखण्या ठिकाणांची यादी करून ती संरक्षित घोषित करण्याची. आमचा आक्षेप या सुरुवातीलाच आहे. यादीबाहेरच्या मुलखाला मग कोणी वाली उरत नाही. 20 ऑक्टोबर 2000 रोजी फ्लॉरेन्स येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या युरोपीय भूदृश्य कराराने ही चूक टाळली. त्याच्या कक्षेत शहर, शहराची वेस, शेते, रोजच्या पाहण्यातले आणि पार बिघडलेले भागही येतात.

म्हणून आधी वर्णन हवे. भूरचना, माती, पाण्याच्या वाटा, जमिनीचा वापर आणि वस्तीची ठेवण यांचे थर नकाशावर एकमेकांवर ठेवून सारख्या स्वभावाचे पट्टे आखायचे, मग पायी फिरून ते तपासायचे. इंग्लंडने असे 159 पट्टे आखले आहेत. या टप्प्यावर ‘सुंदर’, ‘सामान्य’ असे शेरे नकोत. सर्वेक्षकाची आवड नकाशात शिरली की तो सुनावणीत टिकत नाही. पट्ट्याची रेघ जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवू नये, नाहीतर एकाच दरीच्या दोन काठांना दोन नियम लागतात. स्थानिकांना विचारायचे तेही इथेच, मसुदा छापून झाल्यावर नव्हे.

बहुतेक धोरणे अडतात ती बांधकाम परवान्यापाशी. मनोरा, पवनचक्की, पूल अशा प्रत्येक अर्जासोबत दृश्यता-नकाशा, म्हणजे ते बांधकाम कुठून कुठून दिसेल हे दाखवणारा नकाशा, सक्तीचा हवा. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची साधारण 1.6 मीटर धरतात. पृथ्वीची गोलाई विसरली तर नकाशा चुकतो: 20 किलोमीटरवर तिच्यामुळे वस्तू सुमारे 31 मीटर खाली जाते, हवेत प्रकाश किंचित वाकतो (वक्रीभवन), त्यामुळे त्यातले चारेक मीटर भरून निघतात. नकाशे दोन मागावेत, एक उघड्या जमिनीचा आणि एक झाडे-इमारतींसह. आडोसा देणारी झाडे उद्या तुटू शकतात. नियोजित बांधकाम दाखवणारी छायाचित्रे पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटर भिंगाने घेतलेली असावीत. रुंद कोनाच्या भिंगाने दूरची पवनचक्की काडीएवढी दिसते, आणि लोक त्या चित्रावर विश्वास ठेवून संमती देतात.

जर्मनीतल्या ड्रेसडेनजवळच्या एल्ब नदीच्या खोऱ्याचा सुमारे 18 किलोमीटरचा पट्टा 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि नव्या पुलामुळे 2009 मध्ये वगळला गेला. 2005 च्या सार्वमतात शहराने पुलाच्याच बाजूने कौल दिला होता. वारशाचा दर्जा एकीकडून मिळतो, परवाना दुसरीकडून. दोन्ही एका कायद्यात बांधले नाहीत तर असा पेच अटळ आहे.

सगळ्यात दुर्लक्षित बाब देखभालीची. फिलिपिन्समधील कॉर्डिलेराची पायऱ्यांची भातखाचरे 1995 मध्ये याच यादीत आली, 2001 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली आणि 2012 मध्ये तिथून बाहेर आली. तिथे धोका बुलडोझरचा नव्हता. तरुण बाहेर गेले, पाट आणि ताली (खाचरांना आधार देणाऱ्या दगडी भिंती) दुरुस्त करायला हात उरले नाहीत. अशी भूदृश्ये कसणाऱ्या माणसांवर उभी असतात, त्यामुळे नुसती बंदी घालून ती टिकत नाहीत. अनुदान क्षेत्रफळावर न देता दुरुस्त केलेल्या तालीच्या लांबीवर द्यावे, आणि सांधे सिमेंटने भरण्यास स्पष्ट मनाई असावी. कोरड्या रचलेल्या दगडांतून पाणी झिरपून जाते. सिमेंटने ते मागे कोंडते, ताल पोट काढते आणि फुटते.

देखरेखीसाठी ठरलेल्या जागांवरून, त्याच भिंगाने, त्याच ऋतूत दर पाच वर्षांनी छायाचित्रे घ्यावीत. जागांचे अक्षांश-रेखांश आणि कॅमेऱ्याची दिशा पहिल्या फेरीतच नोंदवून जाहीर करावी, म्हणजे अधिकारी बदलले तरी तुलना कोणालाही करता येईल.

— भूदृश्य नियोजनाचे काही अभ्यासक