ऑनलाइन समुपदेशनाला दार बंद होणारी खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. समुपदेशकाची भेट पाऊण तासाची, पण तिच्यापायी अख्खा दिवस मोडतो, एसटीचे भाडे जाते आणि रोजगार बुडतो. नैराश्य किंवा चिंतेच्या त्रासात अशा भेटी साधारण ८ ते १६ लागतात, त्याही दर आठवड्याला. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर माणूस येईनासा होतो, त्यात त्याचा दोष नसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते. व्हिडिओवरच्या भेटीने प्रवासाचे हे अंतर खरोखर मिटते. नैराश्य आणि चिंतेच्या त्रासांत तिचा गुण समोरासमोरच्या भेटीइतकाच येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

अडते ते घरात. सोप्यात सासरे, आत मुलांचा अभ्यास, स्वयंपाकघराला दारच नाही. बाई मोबाइल घेऊन परड्यात जाते आणि शेजारीण कान टवकारते. इअरफोन लावला तरी झाकला जातो तो समुपदेशकाचा आवाज. उत्तर देणारीचे बोलणे सगळ्यांना ऐकू जातेच. मग ती ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणत राहते. पलीकडच्याला सुधारणा झाल्यासारखे वाटते आणि नवऱ्याची मारहाण किंवा मनात येणारा मरणाचा विचार तसाच राहून जातो. म्हणून जाणता समुपदेशक सुरुवातीलाच ‘आत्ता जवळ कोणी आहे का?’ असे हो-नाहीत उत्तर देता येईल, असे विचारतो. पहिल्याच भेटीत तो रुग्ण आत्ता कुठे आहे तो पत्ता आणि घरच्या एका भरवशाच्या माणसाचा नंबर लिहून घेतो. बोलता बोलता रेंज गेली आणि समोरचा जिवावर उदार झालेला असला, तर मदत नेमकी कुठे पाठवायची हे त्यावरूनच कळते. कोणी हे विचारत नसेल, तर तिथे पुढची वेळ घेऊ नये.

माणूस निवडतानाही नीट पाहावे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याच्याकडे वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. क्रमांक मागायला संकोच करू नये. काही अॅपवर नुसते ‘कोच’ असतात, आणि पहिली भेट फुकट देऊन ऑटो-पे चालू करून घेतले जाते. प्रोफाइलवर ‘मराठी’ लिहिले असले तरी आधी दहा मिनिटे फोनवर बोलून पाहावे. ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगावे लागते त्याच्यापुढे मन मोकळे होत नाही.

सगळेच ऑनलाइन भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखालची औषधे अशा भेटीत लिहून देता येत नाहीत. लिथियम हे औषध चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. दारू एकदम सोडल्यावर हात थरथरू लागले, फिट आली, रुग्णाने खाणेपिणे सोडले किंवा जिवाचे काही करून घेतले, तर स्क्रीनपुढे बसू नये. १०८ ला फोन करून थेट कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

ज्यांच्याकडे साधाच मोबाइल आहे, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. मात्र तिथून आधार आणि पुढची वाट मिळते. दर आठवड्याच्या उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेकडे मागणी आहे ती खोलीची. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेमुळे अनेक आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रांत, इंटरनेट आणि समुदाय आरोग्य अधिकारी आधीच आहेत. दुपारी गर्दी ओसरली की तिथली एक खोली द्यावी. आतून कडी, डोळ्यांच्या उंचीला मोबाइल ठेवायचा स्टँड आणि खिडकी पाठीमागे येणार नाही अशी खुर्ची, कारण पाठीवर उजेड पडला तर चेहरा काळा दिसतो आणि समुपदेशकाला चेहराच वाचायचा असतो. दाराबाहेर पंखा चालू ठेवला, की त्याच्या आवाजात आतले शब्द बाहेर सहसा कळत नाहीत. चित्र अडकले तर व्हिडिओ बंद करून आवाजावर बोलणे चालू ठेवायचे, फोन तुटला तर कोणी कोणाला लावायचा, हे आधीच ठरवलेले असावे. आणि चिठ्ठीवर किंवा बाहेरच्या वहीत ‘मानसिक’ हा शब्द कुठेही नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गावात तो या वहीपाशीच मोडतो.

चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा आणि शाहूवाडी या पाच तालुक्यांत प्रत्येकी एका केंद्रावर, आठवड्यातून दोन दुपारी, एवढ्यानेही सुरुवात होईल. आशाताईंना वेळापत्रक दिले की ते घरोघर पोचेल.

आपला,
एक समुपदेशक, कोल्हापूर