कॅप्टन सर, कंट्रोल आता पोट्ट्यांकडे आहे

कॅप्टन सर, नमस्कार.

तुम्ही पुण्याला मुलीकडे राहायला गेले तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणून राहिलो, पण आपल्याला पेन धरायची सवय नाही, म्हणून दुपारी दुकान रिकामं असते तेव्हा मोबाईलवरच टाइप करून राहिलो, चुका झाल्या तर समजून घ्या. आणि सगळ्यांसमोर लिहून राहिलो कारण तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "हो हो, तो पंखा जरा कमी कर" म्हणून विषय बदलला असता.

नागपूरला खामल्याच्या आपल्या सलूनच्या दुकानात तुम्ही किती वर्षं आले त्याचा हिशोब नाही. बाजूला दोन नंबर, वर कैची, मान वस्तऱ्याने साफ, चंपी नको. मला इतकंच माहीत होतं की तुम्ही गोंदियाकडे पोरांना विमान शिकवायचे आणि आता रिटायर आहात. विमान शिकवणाऱ्याचा आणि आपल्या धंद्याचा काय संबंध बाप्पा?

मग ते ट्रेनिंग सेंटरचं आलं. कटिंग-दाढीची बॅच होती, शिकवायला माणूस पाहिजे होता, मी लगेच हो म्हटलं. १९ वर्षं धंदा, वडिलांच्या हाताखाली शिकलेलो, वाटलं यात काय कठीण आहे. १४ पोट्टे होते. शेवटी बाहेरून असेसर, म्हणजे परीक्षा घेणारा, आला आणि त्यातले ९ नापास. सेंटरवाले मलाच म्हणे, तुमच्या बॅचचे फोटो तर एक नंबर होते! होतेच ना, कारण त्या सगळ्या कटिंग मीच केल्या होत्या. पोट्टा जरा चुकला की मी "सरक बे" म्हणून मशीन ओढून घ्यायचो आणि स्वतः फेड, म्हणजे खालून वर केस हळूहळू वाढवत नेणं, मारून द्यायचो. गिऱ्हाईक खुश, मी खुश, पोट्टा बाजूला उभा.

त्याच आठवड्यात तुम्ही खुर्चीत बसले होते आणि मी बडबड करून राहिलो होतो की आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही. तुम्ही आरशात बघून विचारलं, आत्ता उजव्या हाताने काय केलंस? मी म्हटलं, कटिंग केली सर. तुम्ही म्हणे, नाही, मनगटाने काय केलंस? आणि मला सांगताच येईना. खरं सांगतो, मी हात थांबवून परत तेच करून पाहिलं तेव्हा कळलं की मशीन वर नेता नेता मी मनगट बाहेर वळवतो, मशीन गोलाईत डोक्यापासून दूर जाते, म्हणून एक नंबर आणि दोन नंबरच्या मध्ये रेघ पडत नाही. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, हे मी पोट्ट्यांना पाठ करून घेतलं होतं, पण रेघ मिटते ती मनगटाने, आणि ते मी एकालाही सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मग तुम्ही सांगितलं की २०० तास उडून कमर्शियल लायसन्स मिळते, पण तेवढ्याने शिकवता येत नाही, त्याचं रेटिंग, म्हणजे शिकवायची परवानगी, वेगळं असते, आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टर, मग पूर्ण. आणि पहिली पंचाईत म्हणजे सीटच बदलते. आयुष्यभर डावीकडे बसून शिकलेला माणूस उजवीकडे बसतो, हात उलटे होतात, धावपट्टी वेगळ्याच बाजूने दिसते, आणि त्यातच विमान चालवता चालवता तोंडाने सांगत राहायचं की आता काय करतोय आणि का. त्याला तुम्ही पॅटर म्हणता. मला ते इतकं पटलं की रात्री दुकान बंद करून बायकोसमोर रिकाम्या खुर्चीची कटिंग केली, बोलत बोलत. तिने पोरीला सांगितलं, तुझ्या बापाला काहीतरी झालं.

सीटचं तर लगेच कामी आलं. आरशासमोर मी "डावीकडे" म्हणायचो आणि अर्धे पोट्टे उजवीकडे जायचे, मी शिव्या द्यायचो. आता डावं-उजवं बंदच केलं, "दाराकडे" आणि "खिडकीकडे" म्हणतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते कंट्रोलचं. शिकवणारा "आय हॅव कंट्रोल", म्हणजे विमान आता माझ्या हातात, म्हटल्याशिवाय हात लावत नाही, आणि शिकणाऱ्याने "यू हॅव कंट्रोल" म्हणून सोडायचं, नाहीतर दोघंही धरतात किंवा दोघंही सोडतात. वस्तऱ्याचंही तेच आहे की! मी पोट्ट्याच्या हातातून वस्तरा ओढायचो तेव्हा खाली कोणाचा तरी गळा असायचा, आता आठवलं की अंगावर काटा येते. आता माझ्या बॅचमध्ये मी "माझ्याकडे" म्हणतो, पोट्टा "तुमच्याकडे" म्हणतो, मगच हात. आधी दात काढत होते, आता सवय झाली.

दुसऱ्या बॅचला फुग्यांवर साबणाचा फेस लावून वस्तरा फिरवणं झालं, बम फुगे फुटले. मग खऱ्या माणसाची वेळ आली तर कोणी गाल द्यायला तयार नाही. चहाच्या टपरीवाल्याला फुकट दाढी म्हटलं तर तो गिऱ्हाईकं सोडून पळाला. मी तुम्हाला फक्त गोष्ट म्हणून फोनवर सांगितलं होतं, मदत मागितली नव्हती. तुम्ही दुसऱ्या दिवशी ११ वाजता सेंटरवर हजर, चार दिवसांची दाढी वाढवून!

पारडीचा तो बारका पोट्टा होता, सगळ्यात घाबरट. नवीन ब्लेड, स्पिरिट, धुतलेले हात, कोरा टॉवेल, सगळं त्याने मोठ्याने म्हणत केलं, तुम्ही विमानात एकेक गोष्ट तपासायची यादी वाचता त्या चेकलिस्टसारखं. ती चेकलिस्ट भिंतीवर लावली आहे मी, कारण एकच ब्लेड दोघांना वापरलं तर ब प्रकारची कावीळ जाते रक्तातून, हे धंद्यातल्या किती जणांना आजही मजाक वाटते. त्याने कल्ल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, वस्तरा ३० डिग्रीत, मस्त. जबड्याच्या खाली आला जिथे तुमचे केस आडवे उगवतात आणि त्याचं कोपर वर उठायला लागलं. कोपर उठलं की वस्तरा उभा होते, उभा झाला की कापते. माझे हात मागे बांधलेले होते, तुम्हीच सांगितलं होतं, आणि बोटं एकमेकांत इतकी दाबली होती की नखं उमटली. "माझ्याकडे" तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच थांब म्हटलं. पोट्टा थांबला, श्वास घेतला, कोपर स्वतःहून खाली आणलं.

हनुवटीजवळ कापलंच थोडं, ते वेगळं. त्याचा चेहरा पांढराफटक, आणि तुम्ही तुरटी लावून घेता घेता म्हणे, "लँडिंग जरा हार्ड झालं, चालते, विमान तर शाबूत आहे." अख्खी बॅच हसली. त्या बॅचला दोनच जण नापास झाले, सर, आणि त्या दोघांत पारडीचा नव्हता. तो आता सक्करदऱ्याला काकाच्या दुकानात बसते.

तुमचे आभार कसे मानायचे हे मला येत नाही. दुकानात तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाही हे ठरवलं आणि तुम्ही गावच सोडलं.

एक सांगू का, राग मानू नका. दिवाळीचा जो फोटो पाठवला त्यात तुमचा खिडकीकडचा कल्ला दाराकडच्यापेक्षा खाली आहे. तिकडे कोण करून राहिलं कटिंग? नागपूरला याल तेव्हा आधी फोन करा, पारडीच्यालाही बोलावून ठेवतो.

तुमचा,
खामल्याचा दुकानवाला