व्हायजर बसवताना काचेच्या मोटरीचाही विचार व्हावा

महोदय,

पावसात गाडीची काच बोटभर खाली ठेवून हवा घेता यावी, म्हणून दारांच्या वरच्या कडेला व्हायजर, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, बसवून घेणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांपैकीच एक. वस्तू उपयोगाची आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ती बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे पथ्य पाळायला हवे, ते बसवणारे बहुधा सांगत नाहीत आणि त्याचा फटका पॉवर विंडोच्या मोटरीला बसतो.

डबल टेपने दाराच्या चौकटीवर बाहेरून चिकटणारा व्हायजर काचेच्या वाटेत येत नाही. त्याची जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी केली आणि नंतर निदान २४ तास गाडी धुतली नाही, म्हणजे काम झाले. प्रश्न आहे तो काच ज्यात सरकते त्या रबरी चॅनेलच्या खाचेत खोचून बसवायच्या प्रकाराचा. ही खाच मुळात काचेच्या जाडीच्या बेतानेच केलेली असते. तीत पट्टीची भर पडली की रबर दबतो, काच घासत वर जाते, मोटरीला जास्त जोर लावावा लागतो आणि ती जास्त विद्युतप्रवाह ओढते. काच मध्येच अडली आणि स्विच तसाच धरून ठेवला, तर मोटर जागच्या जागी तापते, शिवाय रेग्युलेटरची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) तार आणि काच धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा यांवरही ताण येतो.

माझ्या गाडीला व्हायजर बसवून झाल्यावर कारागिराने मला दाखवण्यासाठी चारही काचा लागोपाठ आठ-दहा वेळा वर-खाली केल्या. पुढच्या डाव्या दाराची काच चार बोटे उरली असता थांबली, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि ती आपोआप खाली आली. ‘होईल सैल हळूहळू’ असे म्हणून त्याने स्विच पुन्हा ओढून धरला. वास्तविक काच माघारी फिरली ती बिघाडामुळे नव्हे. वाटेत लहान मुलाचे बोट आले तर ते चिरडू नये, यासाठी गाडीत जी सोय असते, तिने व्हायजरलाच अडथळा मानले होते. अशा सोयीवर जबरदस्ती करणे किंवा ती बंद करून घेणे मला सर्वथा गैर वाटते.

घरी येऊन मी ती पट्टी काढून पाहिली. तिचे पुढचे टोक खाचेत न बसता रबराच्या ओठावर चढले होते आणि तेवढ्या जागी रबर सोलवटला होता. मी खाच पुसली, तीत सिलिकॉन स्प्रे मारला (इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगतो आणि धूळ धरून बसतो), पट्टी टोकापर्यंत नीट सरकवली, बॅटरी कमी पडू नये म्हणून इंजिन चालू ठेवले आणि काच दोन्ही तळव्यांनी हलका आधार देत एकाच दमात पूर्ण बंद केली. त्यानंतर दोन दिवस स्विचला हात लावला नाही. तेवढ्या अवधीत रबर पट्टीभोवती बसला आणि तिसऱ्या दिवशी काच कुरकुर न करता वर गेली. आपोआप बंद होण्याची क्रिया मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावी लागली. ही रीत प्रत्येक गाडीची वेगळी असल्याने पुस्तिका पाहणेच बरे. इतके करूनही काच अडत राहिली, तर पट्टी त्या गाडीच्या मापाची नाही असे समजून टेपचा व्हायजर घ्यावा. मोटर बदलण्यापेक्षा ते केव्हाही परवडते.

व्हायजर बनवणाऱ्यांनी या सूचना पाकिटात मराठीतून छापून द्याव्यात आणि बसवणाऱ्यांनी काम दाखवण्यासाठी काचा खेळवण्याऐवजी त्या बंद करूनच गाडी ताब्यात द्यावी, चारही स्विचवर ‘दोन दिवस काच उघडू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून.

आपला,
एक वाहनधारक वाचक